रेव्ह. सीसिल टिंडेल-बिस्को यांचे वल्हे

उल्हास नदीची ओळख आमच्या बेलवलीच्या विद्यार्थ्यांस करून देण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात गुरे धुणारी ही नदी श्रावणात कशी उठते, हे येथील लहान मूलही जाणते. सन 2019 च्या जुलै महिन्याच्या 27 तारखेस बदलापूर व वांगणी या दोन स्थानकांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली. गाडीत सुमारे 1,050 उतारू होते. आपत्ती निवारण दलाचे जवान होड्या घेऊन आले, आसपासचे ग्रामस्थ धावले, आणि सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशी बातम्या ऐकत घरी बसलो असता आमच्या मनास एक गोष्ट टोचली. आम्ही पदवीधर, इतकी वर्षे मुलांस शिकवीत आलेलो; परंतु त्या पाण्यात आम्हांस कोणी उभे केले असते तर आमचा उपयोग शून्य होता. आम्हांस पोहता येत नाही, आणि वल्हे कसे धरावे हेही ठाऊक नाही. गाडीतल्या माणसांस वाचविणाऱ्यांत नव्हे, वाचविले जाणाऱ्यांतच आमची गणना झाली असती.

त्याच सुमारास एका शिक्षकाचे चरित्र पुन्हा वाचण्यात आले. मिशन शाळांच्या जगात हे नाव चांगले प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या हाती पुस्तकाइतकेच वल्हेही असे, ही गोष्ट आमच्या मुलांनी ऐकलेली नसावी. म्हणून ते येथे थोडक्यात सांगतो.

सीसिल अर्ल टिंडेल-बिस्को यांचा जन्म इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात होल्टन पार्क येथे 9 फेब्रुवारी 1863 रोजी झाला. घराणे जमीनदारांचे, भावंडे पुष्कळ. सीसिल अंगाने लहानखुरे. ब्रॅडफील्ड येथील शाळेत त्यांना घातले तेव्हा तेथील थोराड मुलांनी त्यांचा फार छळ केला. अंगात ताकद नसलेल्या मुलास दांडगटांच्या मेळ्यात काय सोसावे लागते, हे त्यांनी तेथे पाहिले, आणि दुबळ्यावर हात टाकणाऱ्याविषयी त्यांना जन्मभराची चीड उत्पन्न झाली. ही चीड पुढे श्रीनगरात त्यांच्या फार उपयोगी पडली.

ब्रॅडफील्डहून ते केंब्रिज विद्यापीठात जीझस कॉलेजमध्ये गेले. आता येथे थोडे थांबून त्या विद्यापीठात नाव चालविण्याचे शिक्षण कसे देतात ते सांगणे अवश्य आहे. कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

केंब्रिजची कॅम नदी लहानशी व अरुंद. आमच्या उल्हासेच्या मानाने तिला ओढाच म्हणावे. तिच्यावर दोन नावा शेजारी शेजारी धावू शकत नाहीत. म्हणून तेथील कॉलेजांनी शर्यतीची एक निराळीच तऱ्हा काढली. नावा एकीमागे एक ठराविक अंतरावर उभ्या करतात. तोफ झाली की सगळ्या एकदम सुटतात, आणि प्रत्येकीने पुढच्या नावेस गाठून तिला धक्का द्यावयाचा. धक्का बसला की दुसऱ्या दिवशी त्या दोन नावांनी जागा बदलावयाच्या. असे चार दिवस चालते. जी नाव सर्वांच्या पुढे राहील ती नदीची मुख्य. बिस्को ज्या कॉलेजात गेले त्या जीझस कॉलेजाने 1875 पासून 1885 पर्यंत हा मान एकदाही सोडला नाही. पुढे वल्हविण्याच्या कलेतील मोठा गुरू म्हणून जगात नाव झालेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह फेअरबेर्न हेही त्याच सुमारास त्याच कॉलेजाचे विद्यार्थी होते. (आपल्या महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख याच कॉलेजात पुढे शिकले, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

असे यश कोठून येते? श्रीमंत मुलांच्या कॉलेजांत जन्मतःच वल्हे येणारे वीर भरती होतात, असे कोणास वाटेल; पण तसे नाही. दर ऑक्टोबरात नवी मुले येतात. त्यांतील कित्येकांनी वल्हे कधी हाती धरलेले नसते. जुने विद्यार्थी त्यांना नावेत बसवितात, काठावरून त्यांच्या बरोबरीने जातात, आणि ओरडून ओरडून चुका दाखवितात. थंडीत, पावसात, पहाटे, तिन्हीसांजा हेच चालते. पाठ कशी ठेवावी, पाते पाण्यात केव्हा घालावे, केव्हा काढावे, पायांचा जोर केव्हा लावावा, हे सारे आठांनी एकाच क्षणी करावयाचे असते. कोणी एकट्याने जास्त जोर केला तर नाव पुढे जात नाही, उलट डुलते. ज्याला आपली ताकद दाखविण्याची हौस फार, तो नावेस निरुपयोगी. ही गोष्ट तेथे पहिल्या महिन्यातच मुलास कळते. यांतून निवडलेल्यांची विद्यापीठाच्या वतीने परीक्षा होते, आणि त्यांतून पुन्हा निवडलेले आठ जण ऑक्सफर्डविरुद्ध थेम्स नदीवर उतरतात. त्यांना फिका निळा रंग वापरण्याचा मान मिळतो, आणि तो मान पुढे जन्मभर त्यांच्या नावास चिकटून राहतो.

पण नावेत आठ नव्हे, नऊ माणसे असतात. वल्ही मारणारे आठही जण मागे तोंड करून बसतात. आपण कोठे चाललो आहो हे त्यांना दिसत नाही. पुढे पाहणारा एकच, तो सुकाण्या. त्याच्या हाती वल्हे नसते, सुकाणूच्या दोऱ्या असतात. तो हलका असावा लागतो, कारण त्याचे वजन इतरांनी ओढावयाचे असते. वळण कसे घ्यावे, प्रवाहाचा जोर कोठे अनुकूल आहे, कोणता गडी थकला, कोणाची लय चुकली, हे त्याने पाहावयाचे आणि आपल्याहून दुप्पट ताकदीच्या माणसांस हुकूम करावयाचा. ब्रॅडफील्डच्या दांडगटांनी ज्या लहानखुऱ्या मुलास पायाखाली घातले होते, त्यास येथे त्या लहानखुरेपणामुळेच जागा मिळाली. 7 एप्रिल 1884 रोजी पटनीपासून मॉर्टलेकपर्यंतच्या सव्वाचार मैलांच्या शर्यतीत केंब्रिजच्या नावेचे सुकाणू टिंडेल-बिस्को यांच्या हाती होते, आणि त्या वर्षी केंब्रिजने ऑक्सफर्डास जिंकले.

आम्ही पुण्यास शिकत असता संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या नावा मुळेच्या पाण्यावर चालताना पाहावयास जात असू. तेथील नौकाक्लब 1928 सालचा. ते महाविद्यालय आता स्वतःच एक विद्यापीठ झाले आहे आणि त्याचा नौकोत्सव पुणेकरांच्या आवडीचा आहे. काठावरून पाहताना आम्हांस सुकाण्याचे काम सर्वांत सोपे वाटे. आरामात बसावे आणि ओरडावे! हा आमचा समज किती खोटा होता, हे पुढे वर्गात पन्नास मुले सांभाळावयाची वेळ आल्यावर समजले.

विद्यापीठाची पदवी घेऊन बिस्कोंनी धर्मसेवेची दीक्षा घेतली. काही काळ लंडनच्या पूर्वेकडील व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीत त्यांनी काम केले, आणि 1890 साली चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना काश्मिरास धाडले. श्रीनगरात झेलम नदीच्या काठी, फतेह कदल नावाच्या तिसऱ्या पुलाजवळ, सोसायटीची शाळा होती. लवकरच ते तिचे मुख्याध्यापक झाले.

पहिल्या दिवशी त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन त्यांनी पुढे अनेकदा केले आहे. शाळेत बहुतेक मुले काश्मिरी पंडितांच्या घरची. घोट्यापर्यंत लोंबणारे फेरन अंगात, त्याखाली पोटाशी धरलेली निखाऱ्यांची कांगडी. मुले हुशार, पाठांतरात पटाईत, सरकारी नोकरीवर डोळा ठेवून बसलेली. खेळणे, धावणे, पाण्यात उतरणे हे सभ्य घरच्या मुलाचे काम नव्हे, अशी समजूत. स्नायू दिसले तर तो मजूर ठरावयाचा! चामड्याचा फुटबॉल त्यांनी आणला तेव्हा मुले विटाळाच्या भयाने रडली, ही हकीकत पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे. म्हणून तिचा विस्तार आम्ही करीत नाही.

वल्ह्याची गोष्ट फुटबॉलाहून अवघड होती. चेंडूस लाथ मारून नंतर अंग धुता येते. पण श्रीनगर हे पाण्यावरचे शहर. तेथे नाव चालविणारी हांजी नावाची जात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि वल्हे हाती धरणे म्हणजे भर नदीत, सातही पुलांवरून पाहणाऱ्या लोकांदेखत, आपण हांजी झालो असे जाहीर करणे होते. मुलगा घरी गेला की आई रडावयाची, शेजारी हसावयाचे, सोयरीक मोडण्याची भीती निराळीच. आमच्या पालकांनी क्षणभर स्वतःस त्या जागी ठेवून पाहावे. आपल्या मुलाने इंग्रजी शाळेत जाऊन काय शिकावे, तर कोळ्याचे काम? आमच्याकडेही हा प्रश्न अजून पुरता मेला आहे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या वर्गात आगरी व कोळी घरची मुले आहेत. त्यांच्या आजोबांस जे पाणी कळत होते, ते परीक्षेच्या कोणत्याही कागदावर विचारले जात नाही. आणि त्या मुलांसही ते सांगताना संकोच होतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

बिस्कोंनी सक्ती केली, हे लपविण्यात अर्थ नाही. ते हट्टी होते, हातात छडी असे, आणि ती वापरण्यास ते कचरत नसत. काश्मिरी लोकांविषयी त्यांनी ज्या भाषेत लिहिले ती वाचताना आज आमची मान खाली जाते. राज्यकर्त्या जातीचा ताठा तीत आहे, आणि ज्या घरांतून आपली मुले येतात त्या घरांच्या श्रद्धेविषयी जी अदब शिक्षकाने बाळगावी तिचा तीत अभाव आहे. त्यांच्या पद्धतीतील ही उणीव त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावी असे आमचे मत आहे. परंतु एक गोष्ट तितकीच खरी. जे काम त्यांनी मुलांस सांगितले ते स्वतः केल्यावाचून सांगितले नाही. ते आधी नावेत बसले. मग शाळेतील शिक्षक बसले. तेही पंडितच होते, त्यांनाही घरी जाऊन तोंड द्यावयाचे होते. शिक्षक वल्ही मारीत पुलांखालून जाऊ लागले तेव्हा मुलांची भीड मोडली.

विलायतेतील लांब निमुळती नाव तेथे उपयोगाची नव्हती. काश्मिरी वल्हे आखूड, त्याचे पाते हृदयाच्या आकाराचे. ते दोन्ही हातांनी धरून, पुढे तोंड करून मारावयाचे असते. बिस्कोंनी तेच वल्हे घेतले. तथापि नावेतील शिस्त केंब्रिजचीच राहिली. एका नावेत सगळ्या मुलांचे वल्हे एकाच ठोक्यास पडले पाहिजे; श्रीमंताचा मुलगा व गरिबाचा मुलगा, पंडित व मुसलमान, शेजारी शेजारी बसले पाहिजेत; आणि सुकाण्या मुलगा वयाने लहान असला तरी त्याचा हुकूम मोठ्याने ऐकला पाहिजे. या शेवटच्या नियमात ब्रॅडफील्डचा तो लहानखुरा मुलगा बोलत असावा, असे आम्हांस वाटते.

नावेआधी पोहणे. हा क्रम त्यांनी पक्का केला होता, आणि त्यासाठी पालकांच्या वर्मावर बोट ठेवणारी युक्ती काढली. ठराविक वयाच्या पुढे ज्या मुलास पोहता येत नसे, त्याची फी वाढे. पालक पोहण्यास विरोध करीत, पण वाढीव फीस त्याहून अधिक! थोड्याच वर्षांत मुले झेलम पार करू लागली. पुढे डल सरोवर, आणि त्याही पुढे वादळांसाठी कुप्रसिद्ध असलेले वुलर सरोवर पोहून जाणारे निघाले. गुणांची वाटणीही त्यांनी बदलली. एक तृतीयांश गुण बुद्धीचे, एक तृतीयांश शरीराचे, आणि उरलेले एक तृतीयांश मुलगा दुसऱ्याशी कसा वागतो याचे. त्यामुळे पाठांतराच्या बळावर पहिला येणारा मुलगा कधी कधी पुष्कळ खाली जाई, आणि त्याच्या वडिलांची तक्रार दुसऱ्या दिवशी शाळेच्या दाराशी उभी राही.

वर्षाकाठी शाळेच्या नावांचा उत्सव होई. त्यांतील एक खेळ आम्हांस फार आवडतो. वल्ही मारीत आलेल्या नावा खूण होताच मुले मुद्दाम पाण्याने भरून बुडवीत. नाव बुडाली की तिला धरून, हलवून, आतले पाणी उपसून पुन्हा तरंगती करावयाची आणि तीतच बसून पुढे जावयाचे. काठावर जमलेल्या लोकांस ही गंमत वाटे. पण बुडणाऱ्या नावेत घाबरून एकमेकांस कवटाळणारी माणसे बुडतात, आणि न घाबरणारी वाचतात. हे शिकविण्यास याहून चांगला धडा कोणता असेल? विद्यापीठाच्या शर्यतीत नाव बुडणे ही फजिती. येथे बुडणे हाच अभ्यास झाला, कारण येथील पाणी शर्यतीचे नव्हते.

1893 साली श्रीनगरास मोठा पूर आला, आणि 1903 साली पुन्हा आला. मातीची घरे खचली, झेलमेचे पाणी वस्तीत शिरले. अशा वेळी या शाळेच्या नावा निघत. छपरांवर, झाडांवर अडकलेल्या माणसांस मुले उतरवून घेत. त्यांत जात विचारण्यास वेळ नसे. पटकीच्या साथीत याच मुलांनी गल्ल्या साफ केल्या, आगी लागल्या तेव्हा पाणी ओढले, दवाखान्यातील आजाऱ्यांस नावेत बसवून सरोवराच्या मोकळ्या हवेत फिरविले. ज्या पुलांवरून एकदा हांजी म्हणून हसण्यात आले होते, त्याच पुलांखालून या नावा जात होत्या.

शाळेच्या बोधचिन्हावर त्यांनी दोन काश्मिरी वल्ही एकमेकांवर आडवी घातली. वल्हे म्हणजे कष्ट व बळ, पात्याचा हृदयाकार म्हणजे दया, आणि एकमेकांस छेदणारी जोडी म्हणजे आत्मत्याग, असा त्याचा अर्थ ते मुलांस सांगत. ख्रिस्ती वाचकांस त्यात क्रूसाची खूणही दिसेल. बिस्कोंसही ती अभिप्रेत होती. मात्र त्यांच्या शाळेतून बाप्तिस्मा घेतलेले विद्यार्थी अगदी थोडे निघाले. मिशनच्या कामाचे मोजमाप त्या संख्येने करणाऱ्यांस हे रुचले नाही, आणि त्यांच्या कामाविषयी मिशनच्या वर्तुळात कुरकूर झाली. बिस्कोंनी आपली रीत बदलली नाही. त्यांचे चिरंजीव एरिक यांनी 1930 साली शाळेच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहिला, त्याचे नावच प्रवाहाविरुद्ध घालविलेली पन्नास वर्षे अशा अर्थाचे आहे.

या चरित्रातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ती हीच, की बिस्कोंनी तयार मुले निवडून घेतली नाहीत. केंब्रिजात तरी निदान वल्हे धरण्याची हौस असलेली मुले नदीवर येत. श्रीनगरात हौस नव्हती, लाज होती. अंगचा गुण कोठे दडलेला आहे हे मुलास पाण्यात उतरविल्यावाचून कळत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुका हा अवर्षणाचा मुलूख. तेथील तळेगाव रोही गावचे दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाले आणि तेथे त्यांच्या हाती प्रथम वल्हे आले. त्यांनी 2016 साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव चालविण्याच्या शर्यतीत जगात तेरावा क्रमांक मिळविला. नदीकाठच्या आमच्या गावात असे किती हात खडू आणि पेन यांपलीकडे काही न धरता मोठे होतात, याची मोजदाद कोण ठेवतो?

बिस्कोंचा विवाह 1891 साली ब्लँच बर्जेस यांच्याशी झाला, आणि त्या बाईंनी काश्मिरातील संसार शेवटपर्यंत सांभाळला. सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. पुस्तके लिहिली, ती इंग्लंडात वाचली गेली. या गोष्टींत त्यांचे मन फारसे गुंतले होते असे दिसत नाही.

1947 साली, वयाच्या 84 व्या वर्षी, त्यांनी काश्मीर सोडले. सत्तावन्न वर्षांपूर्वी ज्या मुलांस त्यांनी प्रथम पाहिले होते, त्यांचे नातू तेव्हा शाळेत होते. आफ्रिकेतील ऱ्होडेशियात ते जाऊन राहिले आणि 1 ऑगस्ट 1949 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. श्रीनगरातील शाळा त्यांच्या नावाने आजही शेखबागेत चालू आहे, आणि तिच्या बोधचिन्हावर ती दोन हृदयाकार वल्ही तशीच आहेत.

हा लेख लिहावयास घेतल्यापासून आम्ही एक गोष्ट आरंभिली आहे, ती लपवून ठेवीत नाही. दर रविवारी उपासनेनंतर, आमच्याच शाळेच्या नववीतील एक मुलगा आम्हांस पोहावयास शिकवितो. त्याचे आजोबा नदीवर होडी चालवीत असत. तो फार कडक गुरू आहे. आमची भीती पाहून त्यास हसू येते, पण तो हसत नाही. अद्याप आम्हांस काठ सोडवत नाही. पाऊस लागण्यापूर्वी दहा हात पाणी कापावयाचे, असे त्याने ठरवून दिले आहे.